‘त्यांनी’ म्हणजे नेमके कोणी?



या अंकासाठी ‘मुलांचे शिक्षण आणि धम्म’ या विषयावर काहीतरी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा माझ्या मनात वेगळाच लेख होता. मधल्या काळात आमच्या घरी एक गोष्ट घडली आणि तो लेख बाजूला राहिला. गोष्ट माझ्या चुकीची आहे, म्हणून तीच आधी सांगतो.

माझी लेक नऊ वर्षांची आहे, इथल्या इयर फाइव्हमध्ये शिकते. नव्या सत्रात काय काय शिकवणार याचे पत्रक शाळेतून आले. इतिहासाच्या रकान्यात लिहिले होते : प्रारंभीची इस्लामी संस्कृती, बगदाद, इ.स. ९०० च्या सुमारास. रात्री जेवताना तिने विचारले, “बाबा, तुला बगदाद माहितीये का?” दिवसभराच्या मीटिंगांनी माझे डोके उठले होते. भाकरीचा तुकडा मोडता मोडता मी म्हणालो, “माहितीये ना. त्यांनीच आपलं नालंदा जाळलं.” एवढे बोलून मी भाजी वाढून घेतली आणि विसरून गेलो.

ती विसरली नाही. दोन दिवसांनी वर्गात बगदादचे चित्र रंगवताना शेजारी बसलेल्या मैत्रिणीला ती म्हणाली, “तुम्ही लोकांनी आमची लायब्ररी जाळली.” ही मैत्रीण नर्सरीपासूनची. मुसलमान कुटुंबातली, आजी-आजोबा सिल्हेटहून इथे आलेले. आमच्या घरी येऊन वरण-भात खाणारी, बुद्धजयंतीला लेकीबरोबर कागदाची कमळे करणारी. त्या दिवशी तिने दुपारचा डबा उघडलाच नाही.

वर्गशिक्षिकेने मला बोलावले. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी विचारले, “मला या नालंदाबद्दल काही माहिती नाही. कोणी जाळले, कधी, जरा सांगाल का?” आणि मला नीट सांगता येईना. मी एम.टेक. झालेला माणूस. वीस वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून पोट भरतो. माझ्या स्वतःच्या चार शब्दांच्या वाक्यात कर्ता कोण, हे मला सांगता आले नाही.

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा नाही, हे नंतर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळले. अनेकांच्या मुलांना हाच धडा आहे. इंग्लंडचा जो अभ्यासक्रम सप्टेंबर २०१४ पासून लागू आहे, त्यात सात ते अकरा वयाच्या मुलांनी युरोपबाहेरच्या एका समाजाचा अभ्यास करायचा असतो. बगदाद, माया संस्कृती किंवा पश्चिम आफ्रिकेतील बेनिन, या तिघांतून शाळेने एक निवडायचे. ब्रिटनच्या इतिहासाशी मुलांनी तुलना करावी, हा हेतू. इ.स. ८९९ मध्ये इथला आल्फ्रेड राजा वारला. त्याच्या हयातीचा मोठा भाग व्हायकिंगांशी लढण्यात गेला. त्याच सुमाराला बगदादमध्ये पुस्तकांची आणि कागदाची शंभरांहून अधिक दुकाने होती, असे याकूबी नावाचा त्या काळचा लेखक लिहितो.

ग्रुपवर तीन मते आली. एक बांधव म्हणाले, शाळेला पत्र लिहून मुलांना या तासातून काढून घ्यावे. (धर्मशिक्षणाच्या तासातून मुलाला काढून घेण्याचा अधिकार इथे पालकांना आहे. इतिहासाच्या तासाला तो नाही.) दुसऱ्या ताई म्हणाल्या, परक्या देशात राहतो, गप्प बसावे, परीक्षेपुरते शिकू द्यावे. तिसरे मत असे, की शाळेत काहीही शिकवोत, खरा इतिहास आपण घरी शिकवू. बहुतेकांनी तिसऱ्या मताला अंगठा दाखवला. माझाही अंगठा त्यात होता. पण ‘खरा इतिहास घरी’ म्हणजे काय, हे मी नुकतेच करून बसलो होतो.

म्हणून आज आपल्यापुढे हा प्रश्न ठेवतो. दुसऱ्या समाजाचा भूतकाळ लहान मुलाला कसा सांगावा? विशेषतः जेव्हा त्या भूतकाळातली एक जखम आपलीही आहे असे आपण मानतो?

आधी माझ्या वाक्यातली चूक शोधू. अल-मन्सूर या खलिफाने इ.स. ७६२ मध्ये बगदाद वसवायला घेतले. शहराचा आराखडा त्याने आधी जमिनीवर राखेने आखून घेतला, मग त्या रेषेवर कपाशीची सरकी ठेवून, नाफ्था ओतून ती पेटवली, म्हणजे पूर्ण गोल शहर रात्री डोळ्यांना दिसेल, असे अल-तबरी हा इतिहासकार सांगतो. गोल तट, चार दरवाजे : कूफा, बसरा, खुरासान आणि शाम. मुलांना हे फार आवडते. कंपास घेऊन पाच मिनिटांत बगदाद काढता येते.

बिहारमधल्या विहारांवर स्वारी करणारा बख्तियार खिलजी हा घोरी सुलतानांचा तुर्क सरदार. काळ बाराव्या शतकाची अखेर आणि तेराव्याची सुरुवात. म्हणजे लेकीच्या धड्यातल्या माणसांना मरून तीनशे वर्षे झाली होती. बगदादच्या कोणत्याही कागद-विक्यापर्यंत, वैद्यापर्यंत, दरवाजा उघडणाऱ्या पहारेकऱ्यापर्यंत नालंदाच्या राखेचा माग काढता येत नाही. मग माझ्या वाक्यातले ‘त्यांनी’ कोण? दोन्हीकडे इस्लाम होता, एवढ्यावरून मी तीन शतके आणि हजारो किलोमीटर एका सर्वनामात गुंडाळले. आणि लेकीने त्याच सर्वनामात सिल्हेटची एक मुलगी बसवली. बंगालात पालराजांच्या काळी सोमपुरासारखे महाविहार होते. त्या मुलीचे पूर्वज खिलजीच्या घोड्यावर बसलेले असण्यापेक्षा त्या विहारांना दान देणाऱ्या शेतकऱ्यांतले असण्याची शक्यता अधिक.

शाळेत देण्यासाठी मी जे वाचायला घेतले, त्यात मला एक गोष्ट सापडली. आपल्यापैकी अनेकांना ती माहीत नसेल, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

आजच्या अफगाणिस्तानात बल्ख नावाचे गाव आहे. तिथे नवविहार नावाचा प्रसिद्ध बौद्ध विहार होता. ह्युएन त्संग इ.स. ६३० च्या सुमारास तिथे गेला होता. तथागतांचे पाण्याचे पात्र, दात आणि झाडू तिथे पूजनीय म्हणून जपले होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. या विहाराच्या प्रमुखाला ‘बर्मक’ म्हणत. भाषेचे अभ्यासक हा शब्द संस्कृत ‘प्रमुख’ या शब्दाशी जोडतात. पुढे अरब फौजा आल्या. विहार उद्ध्वस्त झाला, हे अरब इतिहासकारांनीच नोंदवले आहे. बर्मकाच्या घराण्याने इस्लाम स्वीकारला. या घराण्यातला खालिद हा बगदाद उभारताना अल-मन्सूरच्या सल्लागारांत होता. खालिदचा मुलगा याह्या हा हारून-अल-रशीदचा वजीर झाला. याह्याचा मुलगा जाफर हाच अरेबियन नाइट्समधला वजीर जाफर. आपली मुले त्याला कार्टूनमधला दुष्ट वजीर म्हणून ओळखतात.

या याह्याने एक माणूस भारतात पाठवला. तिथल्या औषधी वनस्पती आण आणि तिथल्या लोकांचे धर्म काय आहेत ते लिहून आण, अशी त्याला आज्ञा होती. मंका नावाच्या भारतीय वैद्याकडून त्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत करवून घेतला. बर्मकांच्या बगदादमधल्या दवाखान्याशी भारतीय वैद्यांचा संबंध होता. हे सगळे इब्न अल-नदीम याने दहाव्या शतकात तयार केलेल्या ग्रंथसूचीत आहे. त्याच सूचीत ‘किताब अल-बुद्द’ म्हणजे बुद्धाचे पुस्तक आहे आणि ‘बिलौहर व यूदासफ’ नावाचेही एक पुस्तक आहे. ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे अरबीत ‘बूदासफ’ झाले. अरबीत ‘ब’ आणि ‘य’ यांत काही ठिकाणी नुसत्या नुक्त्याचा फरक असतो, म्हणून त्याचे ‘यूदासफ’ झाले. ही कथा अरबीतून जॉर्जियन भाषेत, तिथून ग्रीकमध्ये, मग लॅटिनमध्ये गेली आणि ‘यूदासफ’चा ‘जोसाफट’ झाला. राजवाडा सोडून सत्याच्या शोधात निघालेला हा राजपुत्र ख्रिस्ती संत मानला गेला आणि रोमन कॅथलिक चर्चच्या संतांच्या यादीत त्याला २७ नोव्हेंबर हा दिवस मिळाला. सिद्धार्थ गौतमाची कथा इथल्या मठांत शेकडो वर्षे वाचली जात होती. वाचणाऱ्यांना ती कोणाची हे माहीत नव्हते. ती त्यांच्यापर्यंत पोचली ती बगदादच्या भाषेतून.

हे वाचले तेव्हा मला आनंद झाला आणि मी लगेच दुसरी चूक करायला निघालो. लेकीला सांगणार होतो, “बघ, बगदाद आपल्याच लोकांनी घडवलं!” पण तेही तितकेच खोटे. याह्या मुसलमान होता, मुसलमान म्हणून जगला. त्याचे घराणे इ.स. ८०३ मध्ये हारूनच्याच हुकमाने धुळीला मिळाले. तो ‘आपला’ म्हणून ओढून आणण्यात माझी ‘त्यांनी’वालीच खोड होती, फक्त उलट्या बाजूने.

ही उलटी बाजू अधिक फसवी आहे. अल-ख्वारिज्मी हा नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारा गणिती. त्याच्या एका पुस्तकाच्या नावातल्या ‘अल-जब्र’ या शब्दावरून अल्जिब्रा आला. दुसरे पुस्तक भारतीय अंकांनी गणित कसे करावे यावर होते. त्याच्या नावाचे लॅटिनमध्ये ‘अल्गोरित्मी’ झाले आणि त्यावरून ‘अल्गोरिदम’ आला. हा शब्द मी ऑफिसात दिवसातून वीस वेळा वापरतो, पण तो एका माणसाचे नाव आहे हे विसरून. लेकीला म्हणालो, “ते अंक मुळात आपले. शून्य आपण दिलं.” म्हणालो खरे, आणि मग जीभ चावली. ब्रह्मगुप्ताने शून्यासह गणिताचे नियम इ.स. ६२८ मध्ये लिहिले. पण ‘आपण’ म्हणजे कोण? माझे पणजोबा मराठवाड्यातल्या एका गावात मेलेली जनावरे ओढत. त्यांच्या हाती पाटी द्यायला त्या गावात कोणी तयार नव्हते. शून्य काढायला शिकलेला आमच्या घरातला पहिला माणूस म्हणजे माझे वडील. शून्य कोणी दिले हे सांगताना ‘आपण’ म्हणायचे असेल, तर ते कोणापासून लपवून ठेवले होते, हेही त्याच दमात सांगावे लागेल.

बंधुभगिनींनो, हीच कसोटी बगदादलाही लावू या. शाळेच्या पुस्तकात बगदाद म्हणजे सुवर्णकाळ. ग्रंथालये, दवाखाने, वेधशाळा, सुगंधी बाजार. हे खोटे नाही. आणि हे कोणा एका धर्माच्या लोकांचे कामही नाही. गॅलेन या ग्रीक वैद्याचे ग्रंथ अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. गणिती थाबित इब्न कुर्रा हर्रानच्या साबियन पंथाचा. शिकणाऱ्याने कोणत्या देवाला मानावे याची अट न घालता विद्येला पैसा मिळाला, म्हणून ते शहर मोठे झाले.

पण त्याच खलिफांच्या राज्यात, बसऱ्याजवळच्या दलदलीत, हजारो गुलाम खारट मातीचा थर खरवडून जमीन लागवडीला आणत होते. त्यांतले बरेच पूर्व आफ्रिकेतून आणलेले. त्यांना ‘झंज’ म्हणत. इ.स. ८६९ मध्ये त्यांनी बंड केले. ते बंड चौदा वर्षे, ८८३ पर्यंत चालले. बंडखोरांनी बसरा लुटले, माणसे मारली आणि त्यांनीही माणसांना गुलाम केले. मग खलिफाच्या फौजेने ते चिरडले. हे सगळे त्या ‘इ.स. ९०० च्या सुमारास’ पासून वीस-तीस वर्षांच्या आतले आहे. लेकीच्या पुस्तकात त्यावर एक ओळ नाही.

मला हे वाचताना वेगळेच काही आठवले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७, मला शाळेने नाही, आईने सांगितला. शाळेत आमच्या गावच्या वाड्याचा, देवळाचा, बुरुजाचा अभिमान शिकवला गेला. बुरुजाचे दगड कोणी वाहिले हे कोणी विचारले नाही. म्हणून आपल्यासारख्यांनी तरी कोणत्याही सुवर्णकाळासमोर उभे राहिल्यावर विचारावे, की इथली माती कोण खरवडत होते? हा प्रश्न इस्लामविरोधी नाही. पेशवाईला, रोमला, आणि ज्यांच्या देशात आपण राहतो त्यांच्या साम्राज्यालाही तोच विचारायचा आहे. नऊ वर्षांच्या मुलाला हे झेपेल का? मला वाटते, झेपते. इथल्या शाळांत ऑक्टोबरमध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात, तेव्हा अटलांटिकपलीकडे नेलेल्या गुलामांबद्दल मुले शिकतातच. अंगावर काटा आणणारे तपशील टाळावेत. घडलेली गोष्ट टाळू नये.

आता नालंदाकडे येतो, कारण तिथे आपल्यातले अनेकजण मला अडवतील. “बाबासाहेबांनी स्वतः लिहिले आहे की मुसलमानांच्या स्वाऱ्यांनी बौद्ध धम्म संपवला. ते तुम्ही लपवणार का?” लपवणार नाही. बाबासाहेबांनी ते स्पष्ट लिहिले आहे. मूर्तीसाठी वापरला जाणारा ‘बुत’ हा शब्द ‘बुद्ध’वरून आला, हेही त्यांनी दाखवून दिले. पण ते तिथे थांबले नाहीत. त्याच तलवारीखाली ब्राह्मणी धर्म टिकला, मग बौद्ध धम्मच का नाहीसा झाला, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला. त्याचे उत्तर त्यांनी राजाश्रयात आणि पुरोहितवर्गाच्या रचनेत शोधले. ब्राह्मण पुरोहित जन्माने तयार होतो. भिक्खू दीक्षेने आणि शिक्षणाने तयार होतो, म्हणून मारले गेलेले भिक्खू भरून काढता आले नाहीत. कर्ता, काळ, कारण, प्रत्येक गोष्ट वेगळी मांडायची ही त्यांची रीत. आपण त्यांचे एक वाक्य घेतो आणि रीत सोडून देतो.

नालंदाचीच एक नोंद मुलांना जरूर सांगावी. स्वाऱ्यांनंतर तीसेक वर्षांनी, इ.स. १२३४ ते १२३६ या काळात, धर्मस्वामी नावाचा तिबेटी भिक्खू भारतात आला. मोडकळीला आलेल्या नालंदात नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. पुन्हा सैनिक येत असल्याची बातमी आली, सगळे पळाले, तेव्हा धर्मस्वामीने आपल्या वृद्ध गुरूंना खांद्यावर उचलून सुरक्षित जागी नेले. लेकीला मी आता ‘त्यांनी जाळले’ असे सांगत नाही. खिलजीच्या आणि नंतरच्या फौजांनी काय केले ते सांगतो आणि धर्मस्वामीने काय केले तेही सांगतो.

आणि एक नोंद आपल्यासाठी. इ.स. १२५८ मध्ये बगदाद लुटले गेले, ग्रंथ नष्ट झाले, असंख्य माणसे मारली गेली, खलिफाला ठार केले. ते करणारा मंगोल हुलागू खान. त्याचा कल बौद्ध धम्माकडे होता, असे इतिहासकार सांगतात. त्याचा नातू अर्घून तर उघडच बौद्ध होता. उद्या वर्गात एखादा मुलगा माझ्या लेकीला म्हणाला, “तुम्ही लोकांनी आमचं बगदाद बुडवलं,” तर? मी तावातावाने म्हणेन, त्या मंगोलाचा आणि आमचा काय संबंध! त्याने पंचशील पाळले होते का! अगदी बरोबर. मग हाच युक्तिवाद सिल्हेटच्या मुलीला का मिळू नये?

तथागतांनी वसल सुत्तात माणसाला जन्मावरून नव्हे, तर त्याच्या कृत्यावरून ओळखायला सांगितले. प्रत्येकजण आपल्या कर्माचा धनी, आणि कर्म म्हणजे त्यामागची चेतना. नीचपणा जन्माने मिळत नाही, या एका वाक्यावर आपले सगळे आयुष्य उभे आहे. ते खरे असेल तर दोषही जन्माने मिळत नाही. आणि जे आपल्याला कमी आवडेल तेही खरे, की मोठेपणाही जन्माने मिळत नाही. नालंदाच्या आचार्यांची विद्वत्ता माझ्या नावावर आपोआप जमा होत नाही.

इथे एक अवघड हरकत आहे, ती टाळून चालणार नाही. एका तरुण मित्राने मला विचारले, “दादा, मग सवर्णांच्या मुलांनाही हेच लागू का? त्यांच्या आजोबांनी केले, त्यांनी नाही, म्हणून सगळे माफ?” मी बरेच दिवस यावर विचार केला. माझे उत्तर असे. आजोबाच्या कृत्याचा दोष नातवाला नाही, कोणत्याच नातवाला नाही. पण जात ही संपलेली गोष्ट नाही. तिचा फायदा आज कोणाच्या तरी हातात आहे, तिचा फटका आज कोणाला तरी बसतो. जो तो फायदा घेतो आहे आणि सोडत नाही, त्याला आजच्या कृत्याचा जाब विचारायचा. आरक्षण हे पूर्वजांच्या पापाची शिक्षा नाही. ते आज चालू असलेल्या अन्यायावरचे काम आहे. त्या मैत्रिणीच्या हातात मात्र नालंदाच्या राखेतून आलेला कोणताही फायदा नाही. तिला जाब विचारण्यासारखे काहीही नाही.

माझे वडील गावच्या शाळेत शिकले. वर्गात दाराजवळ बसत आणि पाण्याला हात लावला की ऐकत, “तुम्ही लोक...” पुढचे वाक्य ते आम्हाला कधी सांगत नसत, तिथेच थांबत. माझ्या लेकीने तेच दोन शब्द मैत्रिणीला ऐकवले. शब्द इंग्रजी होते, वर्ग गरम होता, भिंतींवर रंगीत चित्रे होती. पण दोन शब्द तेच, आणि ते तिच्यापर्यंत माझ्याकडून पोचले. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही.

म्हणून घरी मुलांशी इतिहास बोलताना मी आता स्वतःला तीन प्रश्न विचारतो. वाक्यातला कर्ता कोण, त्याचे नाव सांगता येते का? ते केव्हा घडले, साल किंवा शतक तरी सांगता येते का? आणि हेच वाक्य मला त्या समाजाचे मूल शेजारी बसलेले असताना उच्चारता येईल का? तिसरा प्रश्न सत्य गिळण्यासाठी नाही. खिलजीच्या फौजेने विहार उद्ध्वस्त केला, हे मी कोणत्याही मुसलमान मुलासमोर सांगू शकतो. बल्खचा नवविहार अरबांनी पाडला, हेही. ‘त्यांनी आपले जाळले’ हे सांगू शकत नाही. कारण ते त्या मुलासमोर उच्चारताना खोटे असल्याचे मलाच ऐकू येते. सम्यक वाचेची परीक्षा बहुधा अशीच असते. वाक्य ज्याच्याबद्दल आहे, तो समोर असताना ते बोलून पाहायचे.

शिक्षिकेला मी दीड पानाची माहिती लिहून दिली : नालंदा, बल्ख, बूदासफ. त्यांनी बल्खपासून बगदादपर्यंतचा नकाशा वर्गात लावला. मैत्रिणीच्या वडिलांना मी शाळेच्या फाटकापाशी गाठले आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, “अहो, मुलंच ती, होतं असं.” मी म्हणालो, “मुलीचं नाही, वाक्य माझं होतं.” त्यावर ते काही बोलले नाहीत, पण हात पुढे केला. मुलींचे बोलणे लगेच सुरू झाले नाही. दोन आठवडे लागले. मग एका शनिवारी ती मैत्रीण घरी आली आणि दोघींनी कंपास घेऊन कागदावर गोल बगदाद काढले. खुरासान दरवाजाकडून येणाऱ्या वाटेवर लेकीने एक छोटा विहार काढला. मैत्रिणीने विचारले, तो मोडला का? लेक म्हणाली, हो. मग दोघींनी त्याच्या बाजूला एक माणूस काढला, काखेत पुस्तकांचे गाठोडे घेतलेला.

येत्या रविवारच्या बाल धम्मवर्गात हाच विषय घेऊ या. मुलांबरोबर कंपास, रंग आणि आशियाचा एखादा नकाशा पाठवावा. पालकांनीही बसावे. प्रश्न मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त पडतील.

भवतु सब्ब मंगलं.

आपला एक धम्मबंधू
जय भीम, नमो बुद्धाय.